करपलेलं स्टीलचं पातेलं घासायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे कोजागिरीचं पाच लिटर दूध आटतं ते आजीच्या पातेल्यात. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आहे, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव आणि तारीख घातलेली. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे गच्चीवर चटया घालायला गेलो आणि घरात गॅस मोठाच राहिला, परत येऊन बघते तर दूध वरून एकदम छान, केशर-बिशर तरंगतंय, पण वास आलाच, आणि दूध ओतून घेतल्यावर तळाला काळी कडक पोळी बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोखंडी तारेची घासणी घेतली आणि अर्धा तास जीव खाऊन घासलं. काळं निम्मं निघालं, निम्मं राहिलं, आणि तळाला गोल गोल ओरखडे पडले ते अजून आहेत, आता दूध लागायचं असलं की पहिलं तिथेच लागतं.

त्यानंतर मी हा विषय जरा मनावर घेतला, आणि गेल्या तीन वर्षांत माझी, बहिणीची, शेजारच्या काकूंची अशी बरीच करपलेली भांडी साफ केली, एकाही भांड्याला तार लावली नाही. करपलेलं घासून काढायचं नसतं, ते आधी सोडवायचं असतं, मग ते मऊ घासणीने सहज निघतं. आणि ते कशाने सुटतं हे काय जळलंय त्यावर ठरतं, त्यामुळे सगळ्याला एकच उपाय करू नका.

आधी स्टीलमध्येच का एवढं लागतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्टील उष्णता पसरवण्यात फार मंद. शुद्ध ॲल्युमिनियम त्याच्या साधारण १५ पट आणि तांबं साधारण २५ पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात जिथे ज्योत लागते तेवढाच भाग भाजून निघतो आणि बाजूचा त्यामानाने गार राहतो. करपलेलं पातेलं नीट बघा, बहुतेक वेळा काळा डाग बर्नरच्या आकाराचा गोलच असतो. म्हणून तर चांगल्या भांड्यांच्या बुडात ॲल्युमिनियमची चकती घालून वरून परत स्टील लावतात, त्याला सँडविच बॉटम म्हणतात, किंवा ट्रायप्लायमध्ये तो थर बाजूंनाही वरपर्यंत असतो.

आता करपल्याचा वास आला की लगेच काय करायचं. गॅस बंद. आतलं दूध, वरण, भाजी जे असेल ते दुसऱ्या भांड्यात हळूच ओतून घ्या, आणि ओतताना तळ अजिबात खरवडू नका, डाव फिरवू नका, कारण खाली लागलेलं सगळं खालीच राहिलं तर वरचं बरेचदा वाचतं, एकदा ढवळलंत की सगळ्याला करपट वास लागतो आणि मग वेलदोडा घाला नाहीतर जायफळ, तो जात नाही. रिकामं झालेलं गरम पातेलं तसंच नळाखाली धरू नका. गरम बुडावर एकदम गार पाणी पडलं की बूड वाकतं, मग ते शेगडीवर डुगडुगतं आणि इंडक्शनवर तर नीट टेकतच नाही, सँडविच बॉटम असेल तर थर सुटायचीही भीती. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आणि एक, साफ करायच्या आधी बघा की ते खायचं तर नाही! पिठल्याची खरपुडी कोणी टाकतं का. तूप कढवल्यावर खालची बेरी, दुधाची खरवड, त्यावर साखर घालून आमच्याकडे मुलं भांडतात अजून. तपकिरी असेपर्यंत पातळ कडेच्या उलथन्याने हलक्या हाताने सोडवून खा, काळं झालेलं असेल तर ते कडू लागतं, ते सोडून द्या.

आता काय जळलंय ते ओळखायचं. सगळ्यात सोपी साखर. चिक्कीचा पाक, गुळाचा पाक, कॅरॅमल, मोरांबा, असं काही कडक होऊन दगडासारखं बसलं तर लोक घाबरतात, पण साखर पाण्यात विरघळते, अगदी तपकिरी झालेलीसुद्धा. पातेल्यात पाणी घाला, मंद आचेवर ठेवा, आपोआप सुटतं, साबणही लागत नाही. पार कोळसा झाला असेल तरच पुढचा सोड्याचा उपाय लागेल.

भात, साबुदाणा, पिठलं, उकड, खिचडी म्हणजे पिठूळ पदार्थ. यांना वेळ द्यायचा. कोमट पाणी घालून दोन-तीन तास ठेवलं की स्टार्च फुगतो आणि थर कडेने उचलला जातो. भाताचं पातेलं रात्रभर भिजवलं तर सकाळी बोटाने निघतं. यात घाई करून गरम पाण्यात खसाखसा घासलं तर खळ होऊन घासणीलाच चिकटतं, मग ती घासणी पण गेली.

दूध, खीर, बासुंदी हे खरं चिवट प्रकरण. दुधातलं प्रोटीन साधारण ७० डिग्रीच्या वर गेलं की उलगडायला लागतं आणि गरम तळाला धरून बसतं, त्यावर अजून प्रोटीन, दुधातलं कॅल्शियम, दुधातली साखर असे थर बसत जातात आणि भाजून आधी तपकिरी मग काळे होतात. नुसत्या पाण्याला आणि नुसत्या साबणाला ते फारसं ऐकत नाही. इथे सोडा लागतो.

तर सोड्याची कृती, हीच मी सगळ्यात जास्त वापरते. पातेलं गार झालं की करपलेल्या भागाच्या वर एक-दोन बोटं येईल एवढं पाणी घाला. एक लिटर पाण्याला दोन भरलेले पोह्याचे चमचे खायचा सोडा, थोडा जास्त पडला तरी काही बिघडत नाही. सोडा गार पाण्यातच घाला, उकळत्या पाण्यात टाकलात तर भसकन फेस वर येतो आणि सगळं ओट्यावर. मग मध्यम गॅसवर उकळी आणा आणि बारीक करून दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. पाणी चहासारखं तपकिरी होतं, वास फार चांगला येत नाही, एक्झॉस्ट फॅन लावा. मधेच लाकडी उलथन्याने तळ हलकेच ढकलून बघा, पापुद्रे सुटून वर यायला लागले असतील. जोर नाही लावायचा, नुसतं ढकलायचं. गॅस बंद करून ते पाणी पूर्ण गार होईपर्यंत तसंच राहू द्या, रात्रीची वेळ असेल तर सरळ सकाळपर्यंत. हा शेवटचा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात सोड्याने काही होत नाही. अर्धं काम त्या थांबण्यात होतं, पाणी हळूहळू थराच्या खाली शिरतं.

खायचा सोडा तसा सौम्य असतो, पण पाण्यात उकळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हळूहळू त्याचा धुण्याचा सोडा बनायला लागतो, जो बराच तीव्र. म्हणून नुसता कोरडा सोडा भुरभुरवून घासण्यापेक्षा उकळणं कितीतरी जास्त उपयोगी. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घासायच्या त्यातही हेच होतं, लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, धुण्याच्या सोड्याचा सख्खा भाऊच म्हणा, आणि सोबत नारळाच्या शेंडीचा काथ्या. काथ्या अजूनही माझ्या मते स्टीलसाठी फार चांगली घासणी आहे, ओरखडे जवळजवळ पडत नाहीत आणि नारळ तर घरात येतोच.

पाणी ओतून दिल्यावर थोडं काही राहिलेलं असेलच. त्यावर खायच्या सोड्यात अगदी थोडं पाणी घालून दाट लेप करा, लावून अर्धा तास ठेवा, आणि काथ्याने किंवा प्लॅस्टिकच्या घासणीने घासा. स्टीलला बारीक रेघा असतात बघा, ब्रश केल्यासारख्या, त्या ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने घासायचं, म्हणजे पडलाच ओरखडा तर त्यात मिसळून जातो. तरी राहिलं तर परत एकदा उकळा. खूप करपलेल्या भांड्याला दोन किंवा तीन फेऱ्या लागतात आणि त्यात काही चुकलंय असं नाही. आजीच्या पातेल्याचं उरलेलं काळं मी नंतर असंच काढलं, तीन रात्री लागल्या, हाताला काहीच त्रास नाही.

तेल करपलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तळणीच्या कढईला बाहेरून आणि काठाला जो पिवळट-तपकिरी चिकट थर बसतो, वार्निशसारखा, ते तेलच असतं, तापून तापून त्याचं जवळजवळ प्लॅस्टिक झालेलं. त्याला खायचा सोडा कमी पडतो. धुण्याचा सोडा घ्या, किराणा दुकानात मिळतो, पण हातमोजे घालून, कारण कातडी कोरडी पडते आणि डोळ्यात गेला तर फार झोंबतो. कढई मावेल असं मोठं स्टीलचं भांडं असेल तर त्यात पाणी, तीन-चार चमचे धुण्याचा सोडा आणि अख्खी कढई बुडवून वीस मिनिटं उकळा. कढईला प्लॅस्टिकचे किंवा लाकडी कान असतील तर हे नको, आणि बुडात ॲल्युमिनियमचा थर कडेने उघडा दिसत असेल तरी नको. मग नुसता लेप लावून ठेवा आणि दोन-तीन दिवस थोडं थोडं काढा.

परदेशात असाल तर डिशवॉशरची गोळी गरम पाण्यात विरघळवून भांडं भिजवलं तरी चांगलं काम होतं, फक्त स्टीलच्याच भांड्याला. तिकडे बार कीपर्स फ्रेंड नावाची पावडर पण मिळते, १८८२ पासून आहे ती, त्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं. आपल्याकडे पावसाळ्यात कुंडीत आंबुशी उगवते ना, तीन पानांची आंबट, तिच्या शास्त्रीय नावावरूनच ऑक्झॅलिक ॲसिड हे नाव आलंय. ही पावडर जाड करपलेल्या थरावर नाही, शेवटी जे पातळ डाग आणि काळपट छटा राहते त्यावर वापरायची, ओली करून मिनिटभरात धुऊन टाकायची.

आता एक गैरसमज, जो व्हिडिओंमध्ये सारखा दिसतो. सोडा टाकायचा, वरून व्हिनेगर किंवा लिंबू पिळायचं, फसफस होते, बघणाऱ्याला वाटतं काय जबरदस्त साफ होतंय. सोडा अल्कली, व्हिनेगर ॲसिड, दोघं एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते बहुतेक पाणी, थोडं क्षार, आणि उडून गेलेला गॅस. फेसाने थोडा थर हलत असेल, पण दोन्ही चांगल्या वस्तू वाया. वेगवेगळं वापरा. आधी सोडा, स्वच्छ धुवा, मग ॲसिड. डेअरीत दुधाच्या टाक्या आणि पाइप धुतात तेव्हाही साधारण हाच क्रम असतो, आधी अल्कलीने प्रोटीन आणि स्निग्ध काढायचं, मग ॲसिडने क्षाराचा पांढरा थर.

ॲसिड कशाला लागतं? करपलेलं निघाल्यावर तळाला कधी निळसर-जांभळी, सोनेरी अशी इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. भांडं जास्त तापलं की स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्यावर प्रकाश तसा दिसतो, अपाय काहीच नाही. व्हिनेगरचे दोन चमचे किंवा अर्ध्या लिंबाची फोड फिरवली की जाते. बोअरच्या पाण्याचे पांढरे खडूसारखे डाग असतील तर तेच, किंवा पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून पाच मिनिटं उकळा. चिंच, आमसूल पण चालतं, तांब्यापितळेला लावतो तसंच.

स्टीलवरच्या त्या थराबद्दल दोन वाक्यं. स्टेनलेस स्टील म्हणजे शेवटी लोखंडच, त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधताना तसं स्टील ओतलं. चांगल्या भांड्यावर १८/८ लिहिलेलं असतं, ते १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हवा लागली की क्रोमियम ऑक्साइडचा एक न दिसणारा पातळ थर वर तयार होतो आणि तो गंजू देत नाही, ओरखडा पडला तरी परत तयार होतो. या थराचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड. म्हणून कपड्यांचं ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड स्टीलच्या भांड्याला कधीही लावू नका, कितीही काळं असलं तरी, एकदा बारीक खड्डे पडले की ते बुजत नाहीत. आणि ही दोन एकत्र तर चुकूनही करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो, स्वयंपाकघरात हा धोका कशासाठी घ्यायचा. मीठ पण त्यातलंच, पाणी गार असताना मीठ टाकून तसंच ठेवलं तर मीठ तळाशी बसतं आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडू शकतात, पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळलं की प्रश्न येत नाही. मिठाने घासायचा उपाय सांगतात लोक, करायचा तर लगेच धुऊन टाका, रात्रभर मीठ लावून ठेवू नका.

लोखंडी तारेचं तर सांगितलंच. ओरखड्यांशिवाय अजून एक, तिचे बारीक कण तळात अडकून राहतात आणि दोन दिवसांनी तिथे तांबूस गंज दिसतो, मग आपण म्हणतो स्टीलच खराब निघालं. तो गंज तारेचा असतो, लिंबाने निघतो. भांडी घासायला मावशी येत असतील तर करपलेलं भांडं त्यांच्या पुढ्यात तसंच ठेवू नका हो, त्यांना पाच घरं करायची असतात, त्या तार घेणारच, आणि त्यांच्या बोटांचे काय हाल होतात ते पण बघा. सोड्याचं पाणी घालून बाजूला ठेवा आणि सांगा, मावशी, हे उद्या.

सोडा वापरायच्या आधी भांडं खरंच स्टीलचं आहे ना हे बघा, विशेष करून कुकर. ॲल्युमिनियमचा कुकर, मग तो साधा असो की काळा हार्ड ॲनोडाइज्ड, त्याला सोडा लावायचा नाही. सोडा ॲल्युमिनियमला खातो, भांडं काळवंडतं आणि धुण्याच्या सोड्याने तर आणखीच. ओळखायला सोपं, ॲल्युमिनियम हातात घेतलं की हलकं लागतं आणि रंग जरा मंद करडा, शिवाय कुकरच्या बुडावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. साध्या ॲल्युमिनियमला आंबट चालतं थोड्या वेळासाठी. म्हणून तर आपण भाताचा कुकर लावताना तळातल्या पाण्यात लिंबाची साल नाहीतर चिंचेचं बुटुक टाकतो, आतून काळा पडत नाही. आणि कुकर कोरडा पडून जळला असेल तर नुसता साफ करून परत लावू नका, शिट्टीच्या नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा, रिंग कडक झाली असेल तर बदला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर त्याच कंपनीचा नवीन बसवा, आणि बूड फुगलं असेल तर तो कुकर वापरायचा नाही.

आता परत दुधाकडे. त्या कोजागिरीनंतर आमच्याकडे दूध एकदाही करपलं नाही आणि त्याला कारण एवढंच की काही गोष्टी ठरवून करतो. पातेलं आधी पाण्याने विसळून, ओलं असतानाच त्यात दूध ओतायचं, ही आजीचीच पद्धत. पहिली उकळी मध्यम आचेवर, नंतर बारीक, आणि आटेपर्यंत एक माणूस ओट्यापाशी, चपट्या लाकडी उलथन्याने तळाला आठचा आकडा काढत, कारण गोल डाव तळ पूर्ण पुसत नाही. साखर आणि बदाम-पिस्त्याची पूड अगदी शेवटी, साखर आधी घातली की दूध लवकर लागतं आणि पूड खाली बसून भाजते. तळाशी उलथनं खरखरीत लागायला लागलं की तेवढ्यावरच थांबायचं, न ढवळता दूध दुसऱ्या पातेल्यात, आणि पहिल्यात लगेच सोड्याचं पाणी, तेव्हा थर तपकिरीच असतो, एका उकळीत निघतो. ओट्यापाशी उभं राहायची पाळी अर्ध्या अर्ध्या तासाने बदलतो, यावर्षी पहिली पाळी माझी आहे, चटया घालायला बाकीचे जातील.